टेंभुर्णीचे अंगण

टेंभुर्णी पाहिली नाही असा माणूस पुणे-सोलापूर रस्त्यावर सापडणे कठीण. आणि टेंभुर्णी खरोखर पाहिली आहे, असे छातीला हात लावून सांगणारा भेटणे त्याहून कठीण. आपण पाहिलेले असते ते एसटीचे स्टँड, बशीत ओतलेला चहा आणि कागदावरची गरम भजी. सोलापूर अजून नव्वदएक किलोमीटर राहिलेले असते. कंडक्टर ‘दहा मिनिटं’ म्हणून ओरडतो, आपण पाय मोकळे करतो आणि कोणत्या तरी एका रस्त्याला लागतो. उजवीकडे पंढरपूर आणि अकलूज, डावीकडे कुर्डुवाडी आणि करमाळा, समोर सोलापूर. गाव कसले, रस्त्यांची मोळीच ती! इथे जो येतो तो बहुधा दुसरीकडे जाण्यासाठीच येतो.

टेंभुर्णी हे झाडाचे नाव. ज्याच्या पानांच्या विड्या वळून सोलापुरातल्या हजारो बायकांनी आपले संसार ओढले, ते हे झाड. गावाचे नाव त्यावरूनच पडले असावे. मी मात्र तीन दिवस हिंडलो, तेवढ्यात टेंभुर्णीचे एकही झाड दृष्टीस पडले नाही. दिसला तो ऊस. जिकडे पाहावे तिकडे ऊस. भीमेवरचे उजनी धरण इथून हाकेच्या अंतरावर आहे. ते १९८० साली पुरे झाले, ११७ टीएमसी पाणी अडले, आणि एके काळी शाळूच्या कणसाकडे डोळे लावून बसणारा हा माढा तालुका साखरेचा झाला. ऊस आला तसे कारखाने आले, कारखाने आले तसा तोडणीवाला आला, आणि तोडणीवाल्याच्या मागोमाग त्याचे लेकरू आले. त्या लेकराकडे आपल्याला जायचेच आहे, पण जरा वळसा घेऊन.

गेल्या पौषात, संक्रांतीच्या पुढेमागे, मी टेंभुर्णीला गेलो तो बालवाड्या पाहायला. हे ऐकून माझ्या मित्रमंडळींनी मला वेड्यात काढले. बालशिक्षण पाहायचे तर माणसाने कोसबाडच्या टेकडीवर जावे. टेंभुर्णीला काय आहे? मला वाटते, काही नाही म्हणूनच जावे. कोसबाड हे या विषयाचे तीर्थक्षेत्र, आणि तीर्थात सगळेच भाविक असतात. एखाद्या विचाराचे खरे काय झाले हे पाहायचे असेल तर तो बाजारपेठेच्या गावात पाहावा. तिथे त्याला कोणी मखरात बसवलेले नसते.

पहिल्या सकाळी चहाच्या हॉटेलात बसलो होतो. समोरून पिवळ्या गाड्या जात होत्या आणि त्यांच्या खिडक्यांतून टाय लावलेली इवलीइवली तोंडे बाहेर पाहत होती. दहाबारा मैलांच्या वाड्यावस्त्यांवरून ही पोरे गोळा होतात. हंगामी का होईना, उसाने चार पैसे दिले. बापाने त्यातले दोन पोराच्या इंग्रजीवर लावले. त्यात हसण्यासारखे काही नाही. शेजारच्या बाकावर असाच एक तरुण बागायतदार आपल्या साडेतीन वर्षांच्या मुलाला घेऊन बसला होता. मी मुलाचे कौतुक करतो आहे असे पाहून तो म्हणाला, “पन्नासपर्यंत इंग्रजी आकडे म्हणतंय बघा. म्हण रे.”

मुलाने म्हटले. खरोखरच पन्नासपर्यंत म्हटले, वाटेत फक्त दोनदा श्वास घेतला. मी बशीतली चार बिस्किटे त्याच्यापुढे ठेवली आणि विचारले, “ही किती रे बाळ?” त्याने एकेका बिस्किटावरून बोट फिरवत पुन्हा आकड्यांना सुरुवात केली. बोट चौथ्या बिस्किटाच्या पुढे टेबलावर गेले, टेबलावरून माझ्या हातावर आले, आणि आकडे बारावर जाऊन थांबले. बाप मोठ्याने हसला, मीही हसलो. मुलाला कशाचे हसू हे कळेना. त्याने एक बिस्किट उचलून खाल्ले आणि तेवढ्यापुरता हिशेब बरोबर केला.

तिथून उठून मी त्याच रस्त्याच्या मागच्या अंगाला असलेल्या एका अंगणवाडीत गेलो. पत्र्याची एक खोली, पुढे शेणाने सारवलेली ओटी, भिंतीवर रंग उडालेले पोपट आणि आंबे. एक सेविका, तिला मुले ‘ताई’ म्हणत. एक मदतनीस, तिला ‘मावशी’. सतरा मुले होती. मी ओटीच्या कडेला बसलो आणि दीड तास नुसता पाहत राहिलो.

दोन पोरी परातीत चिंचोके आणि शेंगदाणे वेगळे करीत होत्या. त्यातली एक शेंगदाणे वेगळे करून तोंडात टाकत होती. तिला कोणी बोलले नाही. एक मुलगा एका पेल्यातले पाणी दुसऱ्या पेल्यात ओतत होता. सांडत होता, फडक्याने पुसत होता, आणि पुन्हा ओतत होता. मी मोजले नाही, पण वीसेक वेळा तरी ते झाले असेल. शेवटच्या दोन-तीन वेळा थेंबही सांडला नाही. तेव्हा त्याने मान वर करून ताईंकडे पाहिले. ताईंनी त्याच्याकडे पाहिले. एवढेच. शाबासकी नाही, टाळ्या नाहीत. मुलाने पेले जागेवर ठेवले आणि तो बाहेर पळाला.

कोपऱ्यात दोघांचे एका लाकडी गाडीवरून जुंपले होते. मला राहवेना; मी ताईंकडे पाहिले. त्यांनी तिकडे पाठ केली होती, पण कान तिकडेच होते हे दिसत होते. ओढाओढ झाली, एकदा रडण्याचा सूर लागला, मग आपसांत काहीतरी बोलणे झाले, आणि एक पुढे दोरी धरून व दुसरा मागून ढकलीत अशी गाडी चालू लागली.

“ताई, तुम्ही शिकवता कधी?” मी शेवटी विचारलेच.

“तुम्ही आल्यापासनं तेच चाललंय की,” त्या म्हणाल्या.

उत्तर उद्धट नव्हते, आणि तयार केलेलेही नव्हते. मुले गेल्यावर त्या बोलल्या. दिवाळीनंतर एक मुलगा यायला लागला होता. आठ दिवस तो उंबऱ्याच्या आत येईना. आजीने ढकलला तर उंबरा धरून किंचाळायचा. ताईंनी त्याला बोलावलेच नाही. उंबऱ्यापासून त्याचा हात पुरेल एवढ्या अंतरावर त्यांनी चिंचोक्यांचा डबा ठेवला. दुसऱ्या दिवशी तो डबा वीतभर आत ठेवला. नंतर आणखी वीतभर. “नवव्या दिवशी डबा मधोमध होता, आणि तो डब्याजवळ,” त्या म्हणाल्या. “ओढून आणला असता तर आला असता, पण अर्धाच आला असता.”

मुलाला केंद्रस्थानी ठेवायचे म्हणजे शिक्षिकेने बाजूला होऊन हात बांधून बसायचे, अशी एक समजूत आपल्याकडे सुशिक्षितांतही आहे. या समजुतीचे लोक मग म्हणतात, एवढ्यासाठी शिकलेली बाई कशाला हवी? त्यांना मी त्या डब्याची गोष्ट सांगू इच्छितो. डबा किती वीत सरकवायचा हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसते. भांडणात पाठ केव्हा करायची आणि केव्हा धावत जायचे, हे सतरा मुलांपैकी प्रत्येकासाठी निराळे ठरवावे लागते. फळ्यावर ‘अ’ काढून सतरा तोंडांकडून तो वदवून घेणे हे याच्या तुलनेत आरामाचे काम आहे. आणि हे सारे ती बाई करते कशाच्या जोडीला? तर आहाराचा हिशेब, वजनाचा काटा, लसीकरणाचा दिवस, गरोदर बायांच्या नोंदी आणि मोबाइलमध्ये भरायची माहिती. त्याबद्दल तिला मिळते ते मानधन. पगार हा शब्द सरकारने तिच्यासाठी वापरलेला नाही.

आता थोडा वळसा. ही सारी पद्धत जिच्या नावाने जगभर चालते, ती मारिया मॉंटेसरी पेशाने डॉक्टर होती. १९०७ च्या जानेवारीत रोममधल्या सान लोरेन्झो नावाच्या दरिद्री वस्तीत तिने आपले पहिले बालगृह उघडले. कारण काय, तर आईबाप कामाला गेले की चाळीतली पोरे दिवसभर जिन्यांत धिंगाणा घालीत आणि भिंती खराब करीत. चाळी दुरुस्त करणाऱ्या मंडळींना भिंतींची काळजी होती. एका खोलीत पोरे कोंडून ठेवायला कोणीतरी हवे होते. भलतीच बाई मिळाली, आणि तिने पोरांना मोकळे सोडले. आज तिच्या नावाची पाटी लावलेल्या शाळांची फी पाहिली की सान लोरेन्झोच्या मजुरांची आठवण येते. १९३९ साली ती हिंदुस्थानात आली, महायुद्धामुळे इथेच अडकली, आणि अड्यारला व कोडाइकनालला शिक्षकांना शिकवीत राहिली.

पण तिच्या आधी तिचा विचार इथे पोहोचला होता. भावनगरचे वकील गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडली आणि १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले. या झुपकेदार मिशांच्या गृहस्थाला गुजराती लोक ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशांची आई, म्हणत. त्यांना १९२३ साली जाऊन मिळाल्या त्या आपल्या ताराबाई मोडक. राजकोटच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद त्यांच्या हातात होते. मोठ्या बायकांना शिकवण्याची खुर्ची सोडून तीन वर्षांच्या पोरांपुढे जमिनीवर बसायला जाणे हे त्या काळी काय वाटले असेल याची कल्पना करावी. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, १९३३ साली मराठी ‘शिक्षणपत्रिका’ निघाली, १९३६ साली दादरला शिशुविहार उभा राहिला. पांढरपेशा मुंबईने ताराबाईंना मान दिला. दुसरी कोणी बाई असती तर तिथेच रमली असती.

१९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. बरोबर होत्या पस्तीस वर्षांच्या अनुताई वाघ. मोरगावच्या, तेराव्या वर्षी लग्न होऊन सहा महिन्यांत विधवा झालेल्या, पुढे जिद्दीने शिकून मास्तरीण झालेल्या. बोर्डीला बालवाडी काढली. चांगल्या घरची मुले आली, गोरगरिबांच्या वस्तीतली येईनात. बोलावणी गेली तरी येईनात. तेव्हा या दोघींनी जे केले ते मला बालशिक्षणाच्या सगळ्या ग्रंथांहून मोठे वाटते. त्या उठल्या आणि वस्तीत गेल्या. तिथल्याच एका घराच्या अंगणात बसल्या. पोरांना अंघोळ घातली, नखे कापली, केस विंचरले, आणि तिथेच शाळा मांडली. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. मॉंटेसरीबाईंची महाग साधने परवडणारी नव्हती. म्हणून शिंपले, बिया, खडे, पाने, माती हीच साधने झाली.

पुढे १९५७ मध्ये मुक्काम कोसबाडच्या टेकडीवर हलला. तिथे आणखी एक अडचण दिसली. आदिवासी घरात थोरली मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे असते. थोरला मुलगा येत नाही, कारण त्याच्यापुढे गुरे असतात. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणातच शाळा नेली, तिचे नाव कुरणशाळा. आणि मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा ही तिन्ही एका आवारात आणली, त्या आवाराचे नाव विकासवाडी. धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात. मधल्या सुट्टीत तिने जाऊन धाकट्याला पाहून यावे. किती साधी गोष्ट! पण ती सुचायला मुलीच्या कडेवर काय आहे ते आधी दिसावे लागते.

ताराबाई १९७३ साली गेल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ ठिकाणी सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव दिले अंगणवाडी. आज हा शब्द भारतभर बोलला जातो. मात्र बहुतेक ठिकाणी शब्दातले अंगण खोलीच्या आत गेले, खोलीला कुलूप आले, आणि मुलाने खोलीकडे यावे असा शिरस्ता पडला. जे येत नाही ते हजेरीत दिसत नाही.

दुपारी अडीच वाजता ताईंनी पिशवीत चटई, चिंचोक्यांचा डबा आणि एक जुनी वही टाकली. “कोप्यांवर जायचंय. येता?” म्हणाल्या.

कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, कापणी झालेल्या एका रानात चाळीसेक कोप्या होत्या. बांबूच्या चटया आणि वर निळा-काळा कागद. बीड, जालना, नगरकडची माणसे. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेऊन निघायचे आणि पाडव्याच्या सुमाराला परतायचे. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. माणसांच्या जोडीला हत्याराचे नाव देणारी ही भाषा कोणी बनवली असेल? पहाटे चारला कोयता फडात जातो. त्यात अंगावर पिणारे लेकरू असेल तर ते बांधावर धडप्यात गुंडाळून ठेवतात. चालते झालेले असेल तर ते कोपीपाशी राहते, थोरल्या बहिणीच्या हवाली. मासिकांत असल्या ठिकाणांची चित्रे मोठी सुरेख येतात. मोकळे आकाश, हिरवे रान, हसरी पोरे. चित्रात ट्रॅक्टर नसतो. इथे दर दहा मिनिटांनी उसाने लादलेला दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर कोप्यांच्या अंगाला घासून जात होता, आणि चालवणाऱ्याला मागच्या चाकाजवळचे काहीही दिसत नव्हते.

मोठ्या मुलांसाठी काहीच झाले नाही असे नाही. नव्वदीपासून साखरशाळा निघाल्या. २००९ सालचा शिक्षणहक्काचा कायदा पुढल्या वर्षीच्या १ एप्रिलपासून लागू झाला. मुलांना गावीच ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहे निघाली. कुठे चांगली चालली, कुठे कागदावर. पण या साऱ्याचे वय सहा ते चौदा. सहाच्या आतले लेकरू वसतिगृहात राहू शकत नाही. ते आईबरोबरच येणार. घटनेच्या ४५ व्या कलमात २००२ सालच्या दुरुस्तीने सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचे संगोपन आणि शिक्षण यासाठी राज्याने झटावे, असे घातले आहे. ‘झटावे’ हे क्रियापद मोठे सोयीचे असते. २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ हा शिक्षणाचा पाया मानला आहे. पाया मानला हे उत्तम. पण चाळीस कोप्यांचा पाया दर हंगामाला उखडून दुसरीकडे रोवावा लागतो, त्याला काय करावे?

याच माढा तालुक्यातले परितेवाडीचे जिल्हा परिषदेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० च्या डिसेंबरात जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला होता. दहा लाख डॉलरांतली निम्मी रक्कम त्यांनी बरोबरच्या नऊ जणांत वाटून टाकली, तेव्हा सगळ्या जगाने या तालुक्याचे नाव ऐकले. पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड छापून त्यामागे गाणी, गोष्टी, धडे ठेवायचे, ही त्यांची कल्पना. टेंभुर्णीत त्यांचे नाव अभिमानाने घेतात आणि ते योग्यच आहे. फक्त कोपीतल्या तीन वर्षांच्या लेकरापुढे पाठ्यपुस्तक यायला अजून अवकाश असतो. त्याच्यापुढे आधी कोणीतरी येऊन जमिनीवर बसावे लागते.

ताई बसल्या. चटई अंथरली, डबा उघडला, कोणाला हाक मारली नाही. पाच मिनिटांत अकरा पोरे जमली. काही नागडी, काहींच्या अंगावर थोरल्यांचे सदरे. वाळलेल्या उसाच्या कांड्या आजूबाजूला पडल्या होत्या. त्यांच्या लहानमोठ्या ओळी लागल्या. एकाने आपल्या घरातल्या माणसांएवढ्या कांड्या मांडल्या: बाप सर्वांत लांब, मग आई, मग बहीण, आणि शेवटी अंगठ्याएवढा तो स्वतः. एकीने पाच कांड्या मोजल्या, सहावी ताजी निघाली म्हणून सोलून चघळायला घेतली, आणि तिचे गणित गोड होऊन तिथेच संपले.

जरा लांब एक मुलगी उभी होती. आठनऊ वर्षांची असेल. कडेवर दीड वर्षाचा भाऊ, त्याच्या भाराने ती एका अंगाला कललेली. गावी तिचे नाव तिसरीच्या पटावर आहे, असे ताई म्हणाल्या. बराच वेळ ती तशीच उभी होती. मग ताईंनी हात पुढे करून धाकट्याला घेतले आणि आपल्या मांडीवर बसवले, एका हाताने चिंचोके वाटणे चालूच. मुलगी क्षणभर तशीच कललेली राहिली. नंतर सरळ झाली, चटईवर आली आणि सर्वांत लहान पोरांमध्ये घुसून कांड्यांची ओळ लावायला लागली. तिसरीतली मुलगी बालवाडीचा खेळ खेळत होती, आणि कोणीही तिला तू मोठी आहेस असे म्हणाले नाही. कोसबाडची विकासवाडी मी पुस्तकात वाचली होती. ती मला इथे, एका बाईच्या मांडीएवढ्या जागेत, पाहायला मिळाली.

चारच्या सुमाराला बाया फडावरून आल्या, डोक्यावर वाढ्यांचे भारे. एकीने भारा टाकला आणि पदराने तोंड पुसत आमच्याजवळ येऊन उभी राहिली. थोडा वेळ पाहून म्हणाली, “बाई, खेळ तर झाला. शाळा कवा घेता?”

माझ्या डोळ्यांपुढे हॉटेलातला बागायतदार आला. एकाकडे पंधरा एकर बागायत, दुसरीकडे एक कोयता. प्रश्न मात्र दोघांचा एकच, आणि दोघांचीही भीती खरी. आपले पोर मागे राहील ही ती भीती. बागायतदाराने पैसे मोजून तिच्यावर इलाज शोधला. हिला मोजायला पैसे नव्हते, म्हणून ती विचारत होती.

ताईंनी भाषण दिले नाही. तिच्या मुलाला हाक मारली. हा तोच, अंगठ्याएवढी कांडी स्वतःची म्हणणारा. “आईला भाकरी किती लागतात सगळ्यांना, सांग,” त्या म्हणाल्या. मुलाने आपली ओळ पाहिली. बापाच्या कांडीपुढे तीन चिंचोके ठेवले, आईच्या पुढे दोन, बहिणीपुढे दोन, स्वतःपुढे एक, मग एकेक उचलून मोजले आणि म्हणाला, “आठ.”

आई काही बोलली नाही. खाली बसली आणि ओळीकडे पाहत राहिली. मग आईच्या कांडीपुढे आणखी एक चिंचोका ठेवून हळूच म्हणाली, “मलाबी तीन लागत्यात रं.” आमच्यापैकी कोणीच हसले नाही. मुलाने पुन्हा मोजले. नऊ.

स्थलांतरित लेकरांना ती जिथे असतील तिथल्या अंगणवाडीत सामावून घ्यावे, हे सरकारचेच धोरण आहे. पण दोन किलोमीटरवरच्या अंगणवाडीत या लेकरांना पोहोचवणार कोण आणि आणणार कोण? म्हणून ताई आठवड्यातून दोनदा येतात. “अंगणवाडीचं काम आटोपून येते. घरी सासूबाई रागावत्यात,” त्या हसून म्हणाल्या. टेंभुर्णीच्या भोवती अशी किती राने आणि किती कोप्या, याचा मी हिशेब मांडायला लागलो आणि सोडून दिला. एका बाईच्या दोन दुपारींवर इतके तोलायचे म्हणजे फार झाले. तिच्या चांगुलपणाचे आपण कौतुक करावे आणि तेवढ्यावर सारे भागवावे, ही युक्ती आपल्याला चांगली साधली आहे.

दोन दिवसांनी ही टोळी पुढच्या फडाकडे हलणार होती. आम्ही निघालो तेव्हा ती बाई मागून आली. म्हणाली, “बाई, येक चिठ्ठी द्या. गावाकडं समदी म्हणत्यात, ह्ये बोलत न्हाई, ह्याला समजत न्हाई. पाडव्याला गेलो की तिथल्या बाईला दाखवीन.”

ताईंनी जुन्या वहीचे मागचे पान फाडले. खाली टेकायला काही नव्हते, म्हणून माझ्या पाठीचा आधार घेऊन लिहिले. लिहून झाल्यावर तिला मोठ्याने वाचून दाखवले, कारण तिला वाचता येत नव्हते. नाव. वय चार वर्षे. लहानमोठे ओळखतो. दहापर्यंत वस्तू मोजतो. आधी बोलत नव्हता, आता बोलतो, पण हळू आवाजात, तेव्हा जवळ बसून ऐकावे. ट्रॅक्टरच्या आवाजाला भितो. गाणे आवडते. ओढून आत नेऊ नये.

खाली सही केली, तारीख घातली, आणि गावाचे नाव लिहिले: टेंभुर्णी. बाईने चिठ्ठीची चौकोनी घडी केली, ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि पिशवी पोलक्यात खोचली.